वर्गमुळापर्यंत

एक्याण्णव ही मूळ संख्या नाही, हे मला एका माणसानं इतक्या वेळा सांगितलं आहे की आजही औषधाच्या दुकानात टोकनवर तो आकडा दिसला की माझं मनातल्या मनात सुरू होतं, तेरा साते एक्याण्णव. वास्तविक मी मराठीची शिक्षिका. आकड्यांशी माझा संबंध हजेरीपुरता. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या त्या शाळेत मी आणि गणिताचे सर शिक्षकखोलीत कितीतरी वर्षं समोरासमोर बसलो, आणि माणूस ज्याच्यासमोर बसतो त्याचं थोडंफार अंगाला लागतंच.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, एवढे दोन सोडून कशानंच भाग जात नाही. दरवर्षी नव्या वर्गात सर फळ्यावर एक्याण्णव लिहीत आणि विचारत, ही मूळ आहे का? वर्ग एका आवाजात हो म्हणे. मग सरांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा होई. ते सात आणि तेरा लिहून दाखवत आणि म्हणत, दिसते तशी, पण नाही. मुलांनी त्यांचं नाव एक्याण्णव सर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, नाव बरं आहे, निदान मुलं आता चुकणार नाहीत.

उंच, किडकिडीत, एक खांदा जरा उतरलेला. डस्टर कधी वापरत नसत, डाव्या तळहातानं पुसत. त्यामुळे तो हात कायम पांढरा. एका बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या काळ्या कोटावर त्यांच्या हाताचा ठसा उमटला आणि मुख्याध्यापकांनी त्यांना त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसू दिलं नाही. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरे. हे कागदाच्या कपट्यावर भागाकार करत बसलेले असत. शिपाई तो चहा उचलून नेई आणि गरम करून पुन्हा आणून ठेवी. तोही गार होई.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "तपासलंत का?" खोलीत कुणी काहीही बोललं, अमक्याची बदली झाली, तमक्या बाईंच्या घरी भांडणं चालू आहेत, की हे मान वर न करता विचारत. लोक चिडत. पण या प्रश्नाला त्यांची एक मर्यादाही होती. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचं तर सगळ्या आकड्यांनी भागून बघावं लागत नाही. तिच्या वर्गमुळापर्यंत बघितलं की पुरतं. तोवर कशानं भाग गेला नाही, तर पुढे कशानंच जाणार नाही. हे त्यांनी मला समजावलं ते माझ्या फार वाईट दिवसांत. माझ्या नवऱ्याबद्दल मला एक संशय आला होता, आणि मी नवऱ्याच्या फोनपासून खिशापर्यंत सगळं उलटंपालटं करत होते. मी सरांना काहीच बोलले नव्हते, पण रोज तोंडासमोर बसणाऱ्याला कळतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, संशयसुद्धा वर्गमुळापर्यंतच घ्यावा. त्याच्या पुढे गेलात तर काही नवीन सापडत नाही, नुसते आपण दमतो." मी त्या दिवशी घरी जाऊन शोधाशोध थांबवली. ती बरोबर थांबवली की चूक, ते इथे सांगायचं कारण नाही.

शुभ-अशुभ आकड्यांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. आमच्या संस्थेचे एक विश्वस्त बांधकाम व्यवसायातले होते. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा सरांना बोलावून विचारलं की तुम्ही आकड्यातले, एक चांगला नंबर सुचवा. आम्हाला वाटलं हे उडवून लावतील. तर नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी ७३९३ सुचवला. विश्वस्तांनी खटपट करून तो मिळवला, आणि मग त्यांच्या ज्योतिषानं आकड्यांची बेरीज करून सांगितलं की हा चार येतो, चार म्हणजे राहू. विश्वस्त भर सभेत सरांना म्हणाले, सर, हा चांगला कसा? सर म्हणाले, मूळ आहे, कशानं भाग जात नाही. विश्वस्तांनी विचारलं, फायदा काय त्याचा? सर म्हणाले, "फायदा काही नाही. चांगला विचारलात, फायद्याचा नव्हे." पुढच्याच महिन्यात त्या गाडीला सिग्नलवर मागून एका टेम्पोनं ठोकलं. विश्वस्तांनी ते हसत हसत सांगितलं, पण सरांकडे बघून नाही सांगितलं.

त्यांचे वडील जालन्याकडून आले आणि रेल्वेच्या गँगमध्ये रुळांखाली खडी भरण्याच्या कामाला लागले. घरात शाळा बघितलेले हे पहिलेच. गणितच का घेतलंत, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले की आठवीपर्यंतचे त्यांचे एक मास्तर वही हातात घेण्याआधी वरचं आडनाव वाचत, आणि मग वही कशी धरायची ते ठरवत. निबंधाला त्यांनी यांना कधी चांगले मार्क दिले नाहीत. गणिताला द्यावेच लागले. "उत्तर बरोबर आलं की आलं. ते कुणी काढलंय, हे उत्तराला माहीत नसतं," असं म्हणून ते पुन्हा भागाकारात शिरले. मी मराठीची शिक्षिका, निबंध तपासणारी.

आता ती संख्या. एका पावसाळी शनिवारी शाळा लवकर सुटली होती आणि रस्त्यावर पाणी असल्यामुळे आम्ही दोघं खोलीत अडकलो होतो. सरांनी फळ्यावर एक आठ आकडी संख्या लिहिली, ७३९३९१३३. म्हणाले, ही मूळ आहे. मी म्हटलं, असेल. मग त्यांनी तळहातानं शेवटचा तीन पुसला. ७३९३९१३. हीसुद्धा मूळ. पुन्हा शेवटचा पुसला. ७३९३९१, मूळ. ७३९३९, मूळ. ७३९३, म्हणजे विश्वस्तांच्या गाडीचा नंबर, मूळ. मग ७३९, मग ७३, आणि शेवटी नुसता सात. एकेक आकडा गळत गेला तरी उरलेल्या संख्येला कुणी भागू शकत नव्हतं. मी चकित झाले, हे कबूल केलं पाहिजे. सर म्हणाले की अशा प्रकारच्या संख्यांत हीच सगळ्यांत मोठी. हिच्यापुढे आणखी एक आकडा लावून बघा. सम आकड्यांचा आणि पाचाचा प्रश्नच नाही. एक किंवा सात लावला तर लगेच तीननं भाग जातो. तीन किंवा नऊ लावला तर शोधायला वेळ लागतो, पण जातो. इथे ती संपते. हे कुठेतरी छापून आलेलं त्यांनी वाचलं होतं, पण विश्वास न ठेवता एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी भागाकार करून स्वतः तपासलं होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, त्या सुट्टीत एकट्याच माहेरी जाऊन आल्या.

त्या वर्षी संस्थेनं मराठी माध्यमाची पहिली बंद केली होती. म्हणजे आता दरवर्षी खालून एकेक इयत्ता गळत जाणार, हे आम्ही सगळे जाणून होतो. वरच्या मजल्यावर त्याच संस्थेचं इंग्रजी माध्यम वाढत होतं. आमच्या खोल्यांतले बाक एकेक करून जिन्यानं वर जात होते. त्यामुळे फळ्याकडे बघून मी सहज म्हणून गेले, "सर, ही तर आपलीच शाळा झाली. एकेक गळतंय, तरी उरलेलं टिकून आहे."

सर चिडलेले मी तेव्हाच काय ते पाहिले. आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे झाले. म्हणाले, "बाई, ही शाळा नाही. ही संख्या आहे. ती कशासारखीही नाही. आपली शाळा बंद पडतेय कारण आपणच आपली मुलं वरच्या मजल्यावर घातली." माझा मुलगा वरच्याच मजल्यावर होता. आमच्या निम्म्याअधिक शिक्षकांची मुलं तिथेच होती. सरांना मूल नव्हतं. नंतर ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि पाणी ओसरल्यावर छत्री विसरून गेले.

चारेक वर्षांत वर्ग इतके कमी झाले की गणिताचा एक शिक्षक जास्त ठरला. दोघांत सर सेवेनं कनिष्ठ. अतिरिक्त ठरले की सरकार पाठवील त्या शाळेत जायचं, नाहीतर घरी बसून वाट बघायची. मुख्याध्यापकांनी, खरं तर चांगल्या मनानंच, एक वाट काढली. वरच्या मजल्यावर गणिताला माणूस हवा होता. सरांनी एक नमुना पाठ घ्यायचा, तिथल्या पर्यवेक्षिकेला पटला तर तिथेच सामावून घेता येईल. पाठ अर्थातच इंग्रजीतून.

सरांनी आठवडाभर तयारी केली. आमच्या इंग्रजीच्या बाईंकडून वाक्यं लिहून घेतली, मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभे राहून घोकली. मला त्या दिवशी तास नव्हता, म्हणून मी वर जाऊन दाराशी उभी राहिले. सातवीचा वर्ग होता. चकचकीत फळा, मागच्या बाकावर पर्यवेक्षिका. सरांनी पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि तिसऱ्याला अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. कुणीतरी त्यांच्या उच्चाराची नक्कल केली आणि हसू पसरत गेलं.

सर वळले आणि त्यांनी फळ्यावर सात लिहिला. वर्गाकडे बघून भुवया उंचावल्या. एक मुलगी म्हणाली, प्राइम. त्यांनी शेजारी तीन लिहिला. त्र्याहत्तर. मुलांनी जरा विचार केला, प्राइम. पुढे नऊ. सातशे एकोणचाळीसला मुलांनी वह्या काढल्या. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लहान मूळ संख्या लिहिल्या आणि बोटानं दाखवून एकेका रांगेला एकेक वाटून दिली, तुम्ही सातनं भागा, तुम्ही अकरानं. कुणी चुकलं की ते त्याच्या बाकाशी जाऊन चुकीच्या पायरीवर नुसतं बोट ठेवत. वर्गात पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. मघाचा नक्कल करणारा मुलगा जीभ बाहेर काढून भागाकार करत होता. सात हजार तीनशे त्र्याण्णववर सगळा वर्ग तुटून पडला, आणि शेवटच्या रांगेनं हात वर करून बाकी उरली असं सांगितलं तेव्हा मुलांनी बाक वाजवले. घंटा झाली तरी कुणी उठेना. सर त्या पूर्ण तासात त्या दोन वाक्यांपलीकडे एक शब्द बोलले नव्हते.

पर्यवेक्षिका तरुण होती, नम्र होती. तिनं बाहेर येऊन सरांना सांगितलं की पाठ फारच छान झाला, पण पालकांना ती काय सांगणार? शिक्षक बोललेच नाहीत. सर म्हणाले, "बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं." जिना उतरताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ठीक झालं ना? मी हो म्हटलं. चारच दिवसांनी ते अतिरिक्त ठरल्याची नोटीस लागली. वर सामावून न घेण्याच्या कारणात इंग्रजी संभाषण असमाधानकारक असं होतं.

त्यांना मालाडच्या पलीकडे, समुद्राकाठच्या मढची शाळा मिळाली. राहायला ते मुलुंडला. मुलुंडहून लिंक रोडनं गोरेगाव, तिथून मालाड, आणि मालाडहून मढची बस. जायला अडीच तास, यायला तीन. शाळेत पटावर मुलं मोजकीच. कोळीवाड्यातली काही, बंगल्यांच्या राखणदारांची काही. कुठल्या बंगल्यावर शूटिंग असलं की तीही तिकडे. फोनवर सर सांगत की इथल्या मुलांचं भागाकाराशी काही वाकडं नाही, पण खिडकीतून घोडागाडी आणि नवरदेव दिसायला लागले की कोण बसणार? मग त्यांना मतदार याद्यांचं काम लागलं. भर उन्हात दारोदार जायचं, मेलेल्यांची नावं वगळायची, नवी घालायची. अर्ध्या बंगल्यांत माणूसच राहत नव्हता. सर तरी प्रत्येक फाटकाशी जात, कारण न बघता खूण करणं त्यांना जमत नव्हतं.

साखर त्यांना आधीपासून होती. जेवणाच्या वेळा गेल्या, इन्सुलिनच्या वेळाही गेल्या. डोळ्यांत काळे ठिपके तरंगायला लागले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वहिनी स्वतः नर्स, महापालिकेच्या रुग्णालयात सगळी नोकरी झालेली. त्यांच्यापासूनही लपवलं. एक दिवस वर्गातला मुलगा म्हणाला, सर, तुम्ही पाचावरच आठ काढलात. सरांनी फळ्याजवळ जाऊन बघितलं, तर आपण तीन आकडे एकमेकांवर लिहिलेत हे त्यांना नाकाएवढ्या अंतरावर आल्यावर दिसलं. तोपर्यंत डोळ्याच्या मागच्या पडद्याचं फार नुकसान झालं होतं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. पहिल्यांदा डावा गेला, वर्षभरानं उजवा. उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास आमची शाळाही संपली. खालचा मजलाही आता इंग्रजी माध्यमाचा आहे. सरांकडे जायचं जायचं म्हणताना बरेच महिने गेले. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मुलुंडला गेले. जुनी सोसायटी, दुसरा मजला. वहिनींनी दार उघडलं आणि आत हाक मारली, "अहो, घाटकोपरच्या बाई आल्यात." सर खिडकीशी खुर्चीत होते. हात पुढे केला तो माझ्या उजवीकडे, हवेत. मी सरकून तो धरला. तळहात स्वच्छ होता.

वहिनी म्हणाल्या, यांची काळजी करू नका, यांचं आकड्यांचं चालूच आहे. रोज दुपारी एक मोठी संख्या मनात धरतात, हिला अमक्यानं भाग जातो का बघ म्हणतात, आणि मी मोबाइलवर करून बाकी उरते का ते सांगते. डॉक्टरांनीच सांगितलंय, मन गुंतलेलं राहू दे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी म्हटलं, बरं वाटलं सर, हे चालू आहे ते. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज झाल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "चालू नाहीये, बाई."

म्हणाले की पूर्वी आकडे दिसायचे. डोळे मिटले तरी फळा असायचा. आता चारपाच आकडे मांडले की पुढचा मांडेपर्यंत मागचा जातो. धरून ठेवायला जागाच राहिली नाही. आठवड्याभरात कळलं की हे आता होणार नाही. मी विचारलं, मग रोज दुपारी वहिनींना जी सांगता ती?

"तोंडाला येईल ती. मागे एकदा मुद्दाम एक लाख तेवीस हजार एकशे तेवीस दिली. म्हटलं, तीननं बघ." तीननं तिला पूर्ण भाग जातो, हे सहावीतलं मूलही आकड्यांची बेरीज करून सांगेल. "तर स्वयंपाकघरातूनच म्हणाली, उरते बाकी. ती बघतच नाही. भाग गेला म्हणाली तर मला वाईट वाटेल असं तिला वाटतं."

मी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत त्यांना? सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. "दुपारी कामं आटपून येते, समोर बसते, म्हणते चला, आज कुठली? मग काय सांगू? हे गेलं तर आम्ही दोघं दुपारी बोलणार काय, बाई?"

वहिनी चहा घेऊन आल्या. सरांचा कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला, पहिला घोट घेईपर्यंत स्वतःचा हात खाली ठेवला. मग पदराला हात पुसून पलंगावर बसल्या, मोबाइल मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, आज बाईंच्या समोर होऊन जाऊ दे एक. सरांनी मान जराशी तिरकी केली, आठवल्यासारखं केलं आणि एक सहा आकडी संख्या सावकाश म्हटली. सतरानं बघ, म्हणाले.

मोबाइलचा पडदा काळाच होता. वहिनींचं बोट त्यावर इकडेतिकडे फिरलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"उरते," त्या म्हणाल्या.

"उरते ना? मला वाटलंच."

मी कप खाली ठेवला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, "आता कितीनं बघायचं, सर?"